१०० ते ६०० मीटर: माझ्या रायफल सरावाच्या नोंदी

१० जानेवारी

आजपासून वही सुरू. ठरवलंय ते एवढंच की सीझन संपेपर्यंत ६०० मीटरवर, पोटावर झोपून, पुढे बायपॉड आणि मागे वाळूची पिशवी लावून, दहा गोळ्या ६० सेंटीमीटरच्या गोलात बसवायच्या. ६०० मीटरवर ६० सेंमी म्हणजे बरोबर एक मिल, मिल हे कोनाचं माप. हे मिलचं गणित मला पहिल्याच दिवशी आवडलं, १०० मीटरवर १० सेंमी, ६०० वर ६०, हजारावर एक मीटर, आणि आमच्या स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, एक क्लिक म्हणजे मिलचा दहावा भाग. बरेच लोक एमओएमध्ये बोलतात, तो अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर साधारण २९ मिलीमीटर होतो. दोन्ही चालतं, फक्त रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) एकात आणि टरेट (नेम सरकवायची चकती) दुसऱ्यात असला स्कोप नको, त्यात माणूस गोंधळतोच.

रायफल क्लबची आहे, .३०८ बोल्ट अ‍ॅक्शन, गोळी १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप). सोबत पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ ची छोटी रायफल. सरांची एकच अट, पहिला आठवडा एकही राउंड, म्हणजे काडतूस, मिळणार नाही. आज नुसतं बोल्ट उघडा ठेवणं, चेंबरमध्ये ते रिकामं असल्याचं दाखवणारा फ्लॅग घालणं, बॅरलचं तोंड कायम टार्गेटमागच्या मातीच्या भरावाकडे आणि बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर, हेच तासभर. कानात प्लग आणि त्यावर मफ, दोन्ही, कारण अशा रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या वरचा एखादा धमाकासुद्धा कान कायमचा बिघडवू शकतो. शेजारच्या लेनवर मझल ब्रेक (बॅरलच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा भाग) लावलेली रायफल असेल तर ते छातीतही जाणवतं.

१३ जानेवारी

घरी ड्राय फायर, म्हणजे राउंडशिवाय नुसता खटका पाडणं. घरात एकही राउंड नाही, तरी चेंबर दोनदा तपासलं, मगच बसले. भिंतीवर पेनाने एक ठिपका काढलाय, त्यावर रेटिकल धरायचं आणि खटका पडतो त्या क्षणी ते कुठे होतं ते बघायचं. ऐकायला सोपं आहे पण पहिल्या वीस-पंचवीस वेळा मला काही दिसलंच नाही, कारण खट्ट आवाजाला माझे डोळे मिटत होते आणि मला ते माहीतच नव्हतं. डोळे उघडे राहायला लागल्यावर दिसलं की रेटिकल दर वेळी उजवीकडे खाली सरकतंय. बोटाच्या सांध्यावर ट्रिगर घेत होते, त्यामुळे तो सरळ मागे न येता बाजूला ओढला जात होता. आता पहिल्या पेराच्या गादीवर घेतेय, आणि खटका पडल्यावरही बोट मागेच दाबून ठेवते, एक-दोन म्हणून मग सोडते. सरकणं कमी झालंय, गेलं नाही.

१७ जानेवारी

आज रेंजवर दीड तास फक्त झोपण्यात गेला आणि तो अजिबात वाया गेला नाही.

सरांनी नेम धरायला लावला आणि म्हणाले, "आता डोळे मीट, दोन श्वास घे, अंग सैल सोड, मग उघड." उघडले तर रेटिकल टार्गेटच्या डावीकडे हातभर. म्हणजे आत्तापर्यंत मी हाताच्या जोराने रायफल टार्गेटवर आणून धरत होते, आणि गोळी सुटताना तो जोर जरा जरी सैल पडला की रायफल आपल्या मूळ जागी जाणार. उपाय हात हलवण्यात नाही, कंबर हलवायची. पूर्ण धड इंचभर सरकवायचं, परत डोळे मिटायचे, परत बघायचं. सात-आठ वेळा केल्यावर एकदा डोळे उघडले आणि रेटिकल नेमकं मधोमध होतं, मी काहीच करत नव्हते आणि ते तिथे होतं. तो क्षण मला फार आवडला.

मग रायफलच्या मागे सरळ रेषेत झोपणं. आधी तिरकी झोपायचे. तिरकं अंग म्हणजे धक्का खांद्यावरून घसरतो आणि रायफल एका बाजूला उडी मारते, आणि मग गोळी लागताना दिसत नाही. बायपॉडवर थोडंसं वजन पुढे द्यायचं, मागची पिशवी डाव्या मुठीत घेऊन आवळली की रेटिकल खाली येतं, सोडली की वर. श्वास सोडल्यानंतर पुढचा घ्यायच्या आधी जो आपोआप थांबा येतो त्यातच ट्रिगर दाबायचा, दम कोंडून धरायचा नाही, कोंडला की काही सेकंदांतच नजर अंधुक होते.

स्कोपचं राहिलंच. आयपीसचं (डोळ्याकडच्या भिंगाचं) फोकस मोकळ्या आभाळाकडे बघत लावायचं, एक-दोन सेकंद बघायचं, नजर काढायची, परत बघायचं, नाहीतर डोळाच जुळवून घेतो आणि चूक लपते. पॅरलॅक्सची नॉब वेगळी. डोकं जरासं वर-खाली केलं आणि रेटिकल टार्गेटवर तरंगल्यासारखं हललं तर ती नीट लागलेली नाही. नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नको म्हणाले सर.

२४ जानेवारी

पहिल्यांदा .३०८ चे खरे राउंड, १०० मीटर. पाच मारले, टार्गेटवर तळहाताएवढा पसारा, बहुतेक खाली. मला वाटलं स्कोपच बिघडलाय.

सरांनी मॅगझिन माझ्याकडून घेतलं, पाठ फिरवून भरलं, त्यात मधेमधे न उडणारे डमी राउंड घातले, कुठे ते सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी नुसतं खट्ट झालं, आणि त्या शांततेत मी बघितलं की बॅरलचं टोक जोरात खाली गेलं, माझा खांदा पुढे आला, डोळे मिटलेले. धमाका झालाच नव्हता आणि माझं अंग त्याच्या आधीच त्याला ढकलायला निघालं होतं. धमाका होतो तेव्हा हे सगळं त्यात झाकलं जातं म्हणून कळत नाही. पुढचे चाळीस मिनिटं हेच. शेवटच्या दोन डमीला टोक हललं नाही. उरलेल्या चार गोळ्या एका जागी गेल्या, स्कोपला बोटही न लावता.

३१ जानेवारी

वहीत आज नवा रकाना आखला: कॉल. गोळी सुटली की स्पॉटिंग स्कोपमधे (टार्गेट बघायच्या वेगळ्या दुर्बिणीत) बघायच्या आधी, खटका पडताना रेटिकल कुठे होतं ते वहीतल्या छोट्या गोलावर टिंब काढून लिहायचं. मग बघायचं कुठे लागली. दोन टिंबं जुळली तर गोळी माझ्या म्हणण्याप्रमाणे गेली, मग ती नऊ गुणांच्या वर्तुळाबाहेर असली तरी मला तिचं कारण माहीत आहे. जुळली नाहीत तर मधे दुसरं काहीतरी आहे, वारा, रायफल, राउंड, काहीही. सर म्हणाले कॉल लिहिल्याशिवाय टरेटला हात लावायचा नाही. मला आधी हे कागदी काम वाटलं, आता वाटतं वहीतला हाच रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आज दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सगळ्या छिद्रांचा मिळून पसारा. पहिल्या तीन १८ मिमीमधे, मला पंख फुटले. दहा झाल्या तेव्हा ४६ मिमी. दोन्ही एकाच रायफलचे, एकाच तासातले आकडे, पण खरा दहाचा. तीन गोळ्यांवर झिरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवायला, गेलं की आपण त्या तिघींच्या मागे टरेट फिरवत बसतो, पुढच्या तीन दुसरीकडे जातात, परत फिरवतो. दहाचा मध्य काढला, तो दोन सेंमी डावीकडे होता, दोन क्लिक उजवीकडे, झालं.

१४ फेब्रुवारी

वाईट दिवस, पण कामाचा. ग्रुप ९० मिमीपर्यंत फाटला. वारा पडलेला होता, राउंड त्याच लॉटचे. मला वाटलं परत दचकायला लागले. पण वही उघडली तर दहापैकी आठ कॉल मधोमध, आणि गोळ्या वर-खाली, कशाचा कशाला मेळ नाही. मागच्या महिन्यात हा रकाना नसता तर मी आज दिवसभर स्वतःलाच दुरुस्त करत बसले असते. सरांनी पान बघितलं आणि सरळ टॉर्क रेंच आणला. स्कोपच्या माउंटचा पुढचा स्क्रू बोटाने फिरत होता.

सगळे काढून, ग्रीस पुसून, परत बसवले. रिंगचे स्क्रू साधारण २ न्यूटन-मीटर, अ‍ॅक्शनचे ७ च्या थोडे वर, आमच्या रायफलला हे चालतं, प्रत्येकीला बनवणाऱ्याने दिलेला आकडाच वापरायचा. नेलपॉलिशने प्रत्येक स्क्रूवरून रेघ ओढली, सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. परत झिरो, परत दहा: ४३ मिमी.

२८ फेब्रुवारी

३०० मीटर. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग घेतला, सरासरी ७८६ मीटर प्रति सेकंद. गोळी किती खाली येईल ते काढणाऱ्या अ‍ॅपने सांगितलं १.५ मिल वर, तेवढं लावलं आणि पहिलीच गोळी टार्गेटच्या काळ्या गोलात. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०० मिमी असतं, म्हणजे मिलचा तिसरा भाग, स्कोपमधे ते किती लहान दिसतं ते बघितल्यावरच त्या खेळाडूंबद्दल आदर वाटतो.

इथून पुढे १०० मीटरवर न दिसणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. एक म्हणजे वेगातला फरक, दुसरी म्हणजे वारा. आज वाऱ्यासाठी काहीच लावलं नाही, फक्त लिहून ठेवलं कुठे गेल्या ते.

१४ मार्च

आज .३०८ बाहेर काढलीच नाही. दिवसभर पॉइंट टू-टू, १०० मीटर, वाऱ्यासाठी.

कारण साधं आहे. टू-टूची ४० ग्रेनची गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास निघते, आवाजापेक्षा जरा हळू, आणि आडवा वारा १ मीटर प्रति सेकंद असला तरी १०० मीटरवर तिला सुमारे तीन सेंमी सरकवतो. .३०८ त्याच अंतरावर त्याच वाऱ्याला अर्ध्या सेंमीच्या आसपास सरकते. म्हणजे मोठ्या रायफलने लांब जाऊन जे शिकायचं ते छोट्या रायफलने जवळच शिकता येतं, खांदाही दुखत नाही आणि दिवसाला शंभर गोळ्या मारता येतात. मी जास्त वेगाचे टू-टू राउंड मागितले होते, वाटलं वेग जास्त म्हणजे वारा कमी लागेल. उलट झालं. ते आवाजाच्या वेगाच्या वर निघतात आणि वाटेतच तो वेग झपाट्याने गमावतात, आणि वाऱ्याचं सरकवणं गोळीला किती वेळ लागला यापेक्षा हवेमुळे तिला किती उशीर झाला यावर असतं. दोन्ही शेजारीशेजारी मारून बघितले, वेगवाले जास्त सरकले. हे मला सांगून पटलं नसतं.

वाऱ्याची दिशा घड्याळावर वाचायची. टार्गेट बारा वाजता. तीन किंवा नऊचा वारा पूर्ण धरायचा, दीड वाजताचा सुमारे ०.७, एक वाजताचा अर्धा. दीडचा वारा अर्धाच धरायचा अशी माझी समजूत होती आणि त्यात मी दिवसभर कमी लावत होते.

दुपारी मृगजळ. स्पॉटिंग स्कोपचं फोकस टार्गेटच्या थोडं अलीकडे आणलं की जमिनीवरून निघणाऱ्या लाटा दिसतात, ओढ्याच्या तळाशी पाणी वाहताना दिसतं तशा. वारा हलका असला की लाटा उभ्या-तिरक्या, वाढला की आडव्या पडतात, आणि सरळ वर उकळल्यासारख्या दिसल्या की वारा समोरून किंवा मागून आहे नाहीतर बाजू बदलायच्या बेतात आहे. उकळी दिसली की थांबायचं. मी दोनदा थांबले नाही, दोन्ही वेळा गोळी उलट बाजूला.

२८ मार्च

आज ३०० वर शेजारच्याच्या टार्गेटवर गोळी मारली. कॉल मधोमध, माझं टार्गेट कोरं, आणि पिटमधून (टार्गेटखालच्या खड्ड्यातून, जिथून गोळी कुठे लागली ते दाखवतात) शेजारच्या लेनला एक जास्तीचा मार्क. बोल्ट मारताना कोपर सरकलं, रायफल वळली, आणि स्कोपमधे परत बघताना मी नंबर बघितलाच नाही, काळा गोल दिसला आणि मारला. त्या शेजाऱ्याची माफी मागितली, तो समजूतदार निघाला.

सरांनी यावर १८७४ ची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड विरुद्ध अमेरिका, ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयर्लंडच्या एका नेमबाजाची गोळी बुल्सआयमधे लागली पण दुसऱ्याच टार्गेटच्या, गुण शून्य. बुल्सआयला तेव्हा चार गुण होते, आणि आयर्लंड ९३१ विरुद्ध ९३४ ने हरलं. तीन गुणांनी. त्या माणसाने बाकी दिवसभर काय सोसलं असेल याचाच विचार करत घरी आले. आता प्रत्येक गोळीआधी नंबर मोठ्याने म्हणते.

११ एप्रिल

६०० मीटर. टरेट ५.२ मिल. म्हणजे गोळी ६०० मीटरपर्यंत जाताना तीन मीटरपेक्षा जास्त खाली येते आणि तेवढं आधीच वर धरायचं. ट्रिगर दाबल्यावर जवळपास एक सेकंद काहीच नाही. मग भरावाची माती उडते. त्या एका सेकंदात मी पहिल्या वेळी डोकं उचललं, सरांनी हलकेच टपली मारली.

पहिल्या पाच गोळ्या सगळ्या उजवीकडे, वारा उजवीकडून असताना. कॉल ठीक. मी टरेटकडे हात नेला आणि सर म्हणाले, "आधी बबल बघ." बबल म्हणजे रायफल सरळ आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची छोटी नळी. रायफल उजवीकडे कलली होती, तीनेक अंश. १०० मीटरवर याने काही होत नाही, पण इथे तीन मीटर वर धरलेलं आहे, आणि ते तीन मीटर तीन अंश कलले की बाजूला १६ सेंमी येतात. जमीनच उतरती होती, माझ्या डोळ्याने तिला सपाट मानलं. बायपॉडचा एक पाय एक खाच लांब केला.

मग वर जाणाऱ्या गोळ्या. सात-आठ सेंमी, सातत्याने. संध्याकाळी शोधून काढलं. अ‍ॅपमधे मी हवामानाच्या अंदाजातला १०१३ मिलिबार दाब टाकला होता, तो समुद्रसपाटीला आणून दिलेला आकडा असतो. आमची रेंज ६०० मीटर उंचीवर, तिथला खरा दाब ९४३ च्या आसपास. अ‍ॅपने हवा आहे त्यापेक्षा दाट धरली, म्हणून क्लिक जास्त सांगितला. आता रेंजवरच छोट्या मीटरने दाब घेते. इथे एकाच क्लिकचा फरक आहे, हजारावर असा बराच मोठा झाला असता.

वाऱ्याचं: या गोळीला ६०० वर १ मीटर प्रति सेकंदाचा पूर्ण आडवा वारा सुमारे २० सेंमी सरकवतो. दोनचा तीन वाचला की एका गोलाचा तिसरा भाग गेला. झेंडे तीन ठिकाणी आहेत आणि तिन्ही वेगळं सांगतात. माझा कल टार्गेटजवळच्या झेंड्याकडे बघायचा, कारण स्कोपमधे तोच दिसतो. पण सुरुवातीला गोळी थोडी वळली की तो कोन शेवटपर्यंत वाढत जातो, त्यामुळे जवळचा वाराही तितकाच, बऱ्याचदा जास्त, महत्त्वाचा.

१८ एप्रिल

सर पहिल्यांदा रागावले. १०० मीटरवर झिरो तपासायला बसले आणि टरेट मागच्या आठवड्याच्या ५.२ वरच होतं. गोळी ५२ सेंमी वर, टार्गेटच्या फ्रेमच्याही वर. भराव उंच आहे म्हणून ती मातीतच गेली. नसता तर, हे वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं. गुण गेले तर गेले, हे त्यातलं नाही. वहीच्या कव्हरवर लाल पेनाने लिहिलं: राउंड हातात घेण्याआधी टरेट वाचायचा, मोठ्याने. आणि रेंज सोडताना शून्यावर आणायचा.

२५ एप्रिल

ऊन. दहा गोळ्या पटापट मारल्यावर बॅरलवरूनच वाफेसारख्या लाटा उठतात आणि स्कोपमधे टार्गेट नाचतं, मी त्यालाच वारा समजत होते. बॅरलवर कापडी पट्टी ताणून लावली, बरंच थांबलं. दुसरं, गरम चेंबरमधे राउंड घालून वाऱ्याची वाट बघत बसले, दोनेक मिनिटं. दारू तापते, वेग वाढतो, गोळी वर. आता वाट बघताना बोल्ट उघडा, राउंड बाहेर, सावलीत.

९ मे

ठरलेली परीक्षा. ६०० मीटर, दहा गोळ्या, वीस मिनिटं, सर मागे बसून फक्त बघणार.

टरेट वाचलं, नंबर म्हटला, बबल बघितला, डोळे मिटले, कंबर एकदा सरकवली. वारा चार वाजताच्या दिशेचा, सेकंदाला दोन मीटरच्या आसपास. पहिल्या चार आत. पाचवीचा कॉल डावीकडे खाली होता, लागलीही डावीकडे खाली, बाहेर. ती माझी. सहावी, सातवी, आठवी आत. नववीचा कॉल अगदी मधोमध, आणि गोळी डावीकडे ४० सेंमी. मी रेटिकलमधे इतकी गुंतले होते की लाटा आडव्या झाल्या ते बघितलंच नाही, सरांनी नंतर सांगितलं की त्यांना ते दहा सेकंद आधी दिसलं होतं.

दहावी हातात घेतली तेव्हा चार मिनिटं होती. लाटा उभ्या राहून उकळायला लागल्या, मग डावीकडे, मग परत उकळी. जवळचा झेंडा पडलेला, मधला फडफडतोय. बोल्ट उघडा ठेवून, गोळी बोटांत धरून मी बघत राहिले. एकदा वाटलं आता, बोल्ट पुढे नेला, आणि मधला झेंडा उलटा फिरला. बोल्ट मागे घेतला. रेंज ऑफिसरने वेळ संपल्याचं सांगितलं.

नऊ मारल्या, सात आत. दहावा राउंड परत डब्यात ठेवलाय. वहीत दहाव्या ओळीवर कॉल नाही, फक्त लिहिलंय: नाही मारली, वारा फिरता, पाच ते सात वाजताचा, उकळी. सरांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि पुढच्या शनिवारची लेन लिहून ठेवली.